अपृष्ठवंशी प्राणी : तंजावरच्या परिसरातील ओळख

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठी भाषेत कोरलेला आहे. दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, हा लेख पुरा झाला. ह्याच राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे ३,००० मराठी हस्तलिखिते आहेत. दगडावरील अक्षरे ऊन-पाऊस सोसून राहिली. कागद व ताडपत्र ह्यांना मात्र आणखी काही शत्रू आहेत. कसर पानावरील खळ खाते, भुंगेऱ्यांच्या अळ्या पोथीत आरपार बोगदे पाडतात, आणि वाळवी फळीसकट पोथीचा फडशा पाडते. ह्या तिन्ही जीवांच्या शरीरात एकही हाड नसते. पाठीचा कणा नसलेल्या अशा सर्व प्राण्यांस अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात.

मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन प्राणी हे पृष्ठवंशी होत. सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर ‘प्राणी’ म्हणताच हेच येतात. वस्तुतः आजवर वर्णन झालेल्या प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती अपृष्ठवंशी आहेत, आणि त्यांतही एकट्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख भरतात. ह्या प्राण्यांना एका नावाखाली आणून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे श्रेय बव्हंशी लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जाते. त्यांचा ह्या विषयावरील पहिला ग्रंथ १८०१ साली प्रसिद्ध झाला.

तथापि हे नाव सोयीपुरते आहे, हे ध्यानात ठेवावे. ते एका उणिवेवरून दिलेले आहे, नात्यावरून नव्हे. खेकडा आणि तारामासा दोघेही अपृष्ठवंशी. पण गर्भाच्या वाढीची रीत पाहता तारामासा खेकड्यापेक्षा मनुष्याला अधिक जवळचा ठरतो. जुन्या पुस्तकांत अमीबासारख्या एकपेशीय जीवांचीही गणना ह्या प्राण्यांत होत असे. आज त्यांना प्राणिसृष्टीबाहेर ठेवतात.

ह्या प्राण्यांचे प्रमुख संघ समजून घेण्यास कावेरीच्या मुखाकडचा प्रदेश फार सोयीचा आहे. प्रथम भाताच्या खाचरात पाहावे. ओल्या मातीत गांडूळ सापडते. त्याचे शरीर एकापुढे एक जोडलेल्या वलयांचे असते, म्हणून त्याच्या संघास वलयी म्हणतात. जळू त्याच संघातील. पाण्यातील गोगलगाय मृदुकाय संघातील आहे; तिचे मऊ शरीर चुन्याच्या शंखात सुरक्षित राहते. बांधात बिळे करून पाणी गळू देणारा खेकडा, त्याच बांधावरचा कोळी आणि पिकावरचे कीटक हे संधिपाद होत. त्यांच्या पायांना सांधे असतात आणि शरीरावर कठीण कवच असते. कवच वाढत नसल्यामुळे प्राणी मोठा होताना ते वेळोवेळी टाकून देतो. ह्यालाच कात टाकणे म्हणतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या संघाची ओळख जीवनमरणाची आहे. खोडकिड्याची अळी भाताच्या खोडात शिरून आतील गाभा खाते. कोवळा पोंगा वाळून जातो, किंवा लोंबी निघाली तरी पांढरी व पोचट निघते. परंतु खाचरातला प्रत्येक कीटक वैरी नसतो. एक सूक्ष्म गांधीलमाशी आपली अंडी खोडकिड्याच्या अंड्यांतच घालते आणि कीड जन्मापूर्वीच नष्ट करते. कोळी तुडतुड्यांना खातात. सरसकट विषारी औषध फवारल्यास प्रथम हे रक्षक मरतात, आणि त्यानंतर तपकिरी तुडतुड्यांची संख्या बेसुमार वाढल्याचा अनुभव आशियातील अनेक भातप्रदेशांत आला आहे.

साचलेल्या पाण्यात दुसरी दोन नावे एकत्र येतात. हत्तीरोगाचा जंतू हा धाग्यासारखा बारीक गोलकृमी आहे. तो डासाच्या दंशातून मनुष्याच्या शरीरात येतो व लसीकावाहिन्यांत वाढतो. कुंभकोणमच्या भागाला ह्या रोगाची ओळख फार जुनी आहे. एक अपृष्ठवंशी प्राणी दुसऱ्याला वाहून नेतो, आणि भोगतो तो पृष्ठवंशी मनुष्य! डासांची पैदास थांबविली की ही साखळी तुटते.

आता समुद्राकडे वळावे. स्पंज हा सर्वांत साध्या रचनेचा प्राणी. त्याच्या अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत जाते आणि त्यातील अन्न गाळले जाते. जेलीमासा व प्रवाळ हे आंतरगुही होत. त्यांना तोंड असते, पण गुदद्वार नसते. तारामासा व समुद्रकाकडी हे कंटकचर्मी. समुद्रकाकडीची बेसुमार पकड झाल्यामुळे भारतात २००१ साली तिला कायद्याचे संरक्षण देण्यात आले.

ह्याच किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती. लिनीअसचे शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हे १७६८ साली तेथे वैद्य म्हणून आले. त्यांनी तंजावर प्रांतातील वाळवीचे निरीक्षण केले. त्यांचा वाळवीवरील निबंध १७७९ साली बर्लिनमध्ये छापला गेला. त्या काळी वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणत. आज आपल्याला ठाऊक आहे की ती मुंगीची नव्हे, तर झुरळाची जवळची आप्त आहे.

मनुष्याचे ह्या प्राण्यांवाचून चालत नाही, हेही येथेच दिसते. स्वामीमलैचे कारागीर पंचधातूची मूर्ती ओतण्यापूर्वी ती मेणात घडवितात. ते मेण मधमाशीचे. देवळात वाजणारा शंख एका मृदुकाय प्राण्याचे घर होता. रेशमी वस्त्र अळीच्या कोशाचे, मोती कालवाचा.

म्हणून पोथीशाळेतही केवळ नाशाचे उपाय पुरेसे होत नाहीत. कसरीला व वाळवीला ओल आणि अंधार प्रिय असतो. पोथ्या कोरड्या व हवेशीर ठेवणे, त्या वरचेवर उघडून पाहणे आणि ताडपत्रांस गवती चहाचे तेल लावणे, ह्यांचे मर्म त्यांच्या राहणीच्या ज्ञानातच आहे. शाळेतील विद्यार्थ्यांनी एखादी ओलसर वीट उचलून तिच्याखाली कोणकोण राहते ते पाहावे, पायांची संख्या मोजावी, संघ ठरवावा आणि वीट पुन्हा जागच्या जागी ठेवावी.