चार रोजनिश्या : साम्य आणि भेद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार केला. या संहाराचा इतिहास लिहिताना सरकारी हुकूम आणि न्यायालयांतील साक्षी यांचा आधार घ्यावा लागतो. परंतु हुकूम काढणाऱ्याच्या कागदात तो सोसणाऱ्याचा दिवस उमटत नाही. तो रोजनिशीत उमटतो. आठवणी मागाहून, शेवट ठाऊक असताना लिहिल्या जातात. रोजनिशी लिहिणाऱ्याला मात्र उद्याचा दिवस ठाऊक नसतो. हेच तिचे बळ आणि हीच तिची मर्यादा. म्हणून येथे चार रोजनिश्या शेजारी ठेवून प्रत्येकीला तीन प्रश्न विचारू : लिहिणाऱ्याला काय दिसत होते, तो कोणासाठी लिहीत होता आणि त्याची पाने बचावली कशी?

सर्वांत परिचित रोजनिशी अ‍ॅन फ्रँकची. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, तिला वही मिळाली आणि जुलैच्या आरंभी तिचे कुटुंब अ‍ॅम्स्टरडॅममधील एका कचेरीच्या मागील भागात लपले. तेथे आठ माणसे दोन वर्षे राहिली. अ‍ॅनचे जग चार भिंतींचे होते. त्यामुळे तिची दृष्टी माणसांच्या स्वभावाकडे आणि स्वतःच्या मनाकडे वळली. आरंभी तिने एका काल्पनिक मैत्रिणीला उद्देशून लिहिले. मार्च १९४४ मध्ये निर्वासित डच सरकारच्या एका मंत्र्याने लंडनहून रेडिओवर, लोकांनी आपल्या रोजनिश्या जपून ठेवाव्यात, असे आवाहन केले. ते ऐकून तिने जुना मजकूर पुन्हा लिहावयास घेतला. म्हणजे आपण जे पुस्तक वाचतो, त्यात उत्स्फूर्त नोंदीबरोबरच एका जाणत्या लेखिकेचे संस्करणही आहे.

दाविद शेराकोव्याक हा पोलंडमधील लोड्झ शहरातला विद्यार्थी. १९४० मध्ये तेथील ज्यूंना घेट्टोत, म्हणजे कुंपण घातलेल्या वस्तीत, कोंडण्यात आले. त्याच्या वह्यांत शिधा, पाव, सूप आणि आजार यांचा हिशेब आहे. उपासमार घरात शिरली की नात्यांचे काय होते, हे तो काहीही न झाकता सांगतो. वडिलांनी इतरांच्या वाट्याचे अन्न खाल्ल्याची तक्रारही त्यात आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच्या आईला नेण्यात आले. ऑगस्ट १९४३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो घेट्टोतच मरण पावला.

खाइम काप्लान हे वॉर्साचे शिक्षक आणि शाळाचालक. युद्धाच्या पहिल्याच दिवशी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, त्यांनी युद्धाची नोंद सुरू केली. ते हिब्रू भाषेत लिहीत. आपले लेखन म्हणजे समाजाच्या इतिहासाचे साधन आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. दाविदच्या वहीत एक घर दिसते. काप्लान यांच्या वहीत रस्ता, अफवा आणि सारी वस्ती दिसते. २२ जुलै १९४२ रोजी वॉर्साहून ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यास आरंभ झाला. ४ ऑगस्टला त्यांची नोंद थांबते. तीत आपल्या अंतानंतर रोजनिशीचे काय होईल, हीच चिंता आहे.

चौथे व्हिक्टर क्लेम्पेरर. ड्रेस्डेनचे हे प्राध्यापक ख्रिस्ती झालेले होते व स्वतःला जर्मन मानीत. परंतु नाझी कायद्याने त्यांना ज्यू ठरविले. पत्नी ज्यू नसल्यामुळे ते दीर्घकाळ छावणीपासून वाचले. एका नागरिकाचे हक्क एकेक करून कसे काढून घेतले जातात, हे त्यांच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी नोंदविले असेल. नोकरी गेली, घर गेले, छातीवर पिवळा तारा आला. १९४२ मध्ये ज्यूंना पाळीव प्राणी बाळगण्यास बंदी झाल्यावर घरचे मांजरही मारावे लागले. नाझींनी जर्मन भाषा कशी विटाळली, हेही ते टिपत राहिले. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात उडालेल्या गोंधळात त्यांनी तारा काढून टाकला आणि ते निसटले. चौघांपैकी युद्धानंतर जगले ते एकटेच.

या चौघांत साम्य एवढेच, की सत्तेने ज्यांना केवळ संख्या केले, त्यांनी स्वतःचे नाव आणि तारीख सोडली नाही. बाकी स्थळ, वय, भाषा, भूक, सारे भिन्न. म्हणून एकीचा अनुभव दुसरीवर लादता येत नाही. अ‍ॅनच्या आशावादावरून लोड्झची भूक मोजता येणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके आहे. अ‍ॅनची पाने कुटुंबाला मदत करणाऱ्या कचेरीतील स्त्रियांनी उचलून ठेविली. क्लेम्पेरर यांची पाने त्यांची पत्नी एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवीत असे. ती सापडली असती, तर त्या दोघींच्याही जिवावर बेतले असते. काप्लान यांच्या वह्या चोरून घेट्टोबाहेर गेल्या आणि रॉकेलच्या डब्यात टिकल्या. दाविदच्या वह्यांना असा राखणदार मिळाला नाही : युद्धानंतर पाच सापडल्या, उरलेल्या बहुधा सरपण म्हणून जळाल्या. प्रत्येक उरलेल्या रोजनिशीमागे कोणा दुसऱ्याचे धाडस किंवा निव्वळ योगायोग आहे. ज्यांना यांपैकी काहीच लाभले नाही, त्यांची पाने आपण कधीच वाचणार नाही. तुलना करताना त्या न उरलेल्या पानांसाठीही जागा राखली पाहिजे.