आधी हक्काचं, मग मदतीचं

सेरेब्रल पाल्सी असलेला आमच्या शाळेतला नववीचा विद्यार्थी. पाठीचा कणा एका बाजूला इतका वाकत गेला की व्हीलचेअरमध्येही त्याला कोपर टेकवूनच बसावं लागे. फुप्फुसांवर दाब येऊन दोन-तीन शब्दांमागे दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आता लांबवू नका.

आम्ही शिक्षकांनी आवाहन लिहिलं, ते व्हॉट्सअॅपवर फिरलं, पैसेही आले. पण रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात खोली, आयसीयू, सर्जनची फी यांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘इम्प्लांटचा खर्च वेगळा’. कण्यात बसवायचे स्क्रू आणि रॉड हाच तर मोठा खर्च! अनामत भरून घेतली गेली. सरकारी योजनेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यातच कुणीतरी मुलाच्या फोटोखाली स्वतःचा क्यूआर कोड टाकून पैसे उकळायला सुरुवात केली. आई-वडिलांनी मुलाजवळ बसायचं की लोकांना खुलासे देत फिरायचं?

ऑपरेशन झालं, मुलगा शाळेत परतला. त्यासाठी घरच्यांवर चढलेलं कर्ज मात्र टळू शकलं असतं. म्हणून हे सांगणं.

पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. आपलं ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतं का, ते विचारा. खिशातून भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही.

रुग्णालय धर्मादाय आहे का, तेही पाहा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत मागता येते; ती रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. अर्ज उपचार सुरू असतानाच करा.

एवढं करून जे कमी पडेल, तेवढ्यासाठीच लोकांकडे जा. अंदाजपत्रक इम्प्लांटसकट लेखी घ्या. आवाहनावर तारीख, नेमकी रक्कम आणि शक्यतो रुग्णालयाचंच खातं द्या. मुलाचा चेहरा दाखवू नका, घरचा नंबर देऊ नका. रक्कम जमली की ‘आता पैसे पाठवू नका’ हेही तितक्याच ठिकाणी कळवा आणि पै-पैचा हिशेब द्या. त्या हिशेबाच्या भरवशावरच लोक पुढच्या मुलासाठी हात सैल सोडतात.