पावसाळी रस्ता आणि सायकलचा टायर

मृग नक्षत्र लागून पहिल्या सरी पडून गेल्या आणि सिंहगड-पानशेतच्या रस्त्यांनी पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारांनी आपापले रेनकोट झटकून बाहेर काढले, की पुण्यातील सायकलच्या दुकानांतून एकच पृच्छा वरचेवर ऐकू येते, ती म्हणजे पावसासाठी टायर कोणता घ्यावा. आणि तिला मिळणारे उत्तरही बहुधा एकच असते, ते म्हणजे खोल नक्षीचा. हे उत्तर इतक्या भरवशाने दिले जाते, आणि मोटारीच्या टायरांवरून आपल्या मनावर ठसलेल्या समजुतीशी ते इतके जुळते, की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास भासत नाही. मला ती करावी लागली, ती हासळीचे हाड मोडून अंथरुणावर पडल्यानंतर. आणि तिच्यातून जे निष्पन्न झाले ते इतरांना तेवढी किंमत न मोजता मिळावे, एवढ्यासाठीच हा मजकूर लिहीत आहे.

जुन्या कात्रज घाटाचा बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरताना जी वळणे लागतात, त्यांपैकी एका वळणावर हा प्रसंग घडला. पाऊस थांबला होता, रस्ता ओला असला तरी त्यावर पाणी साचलेले नव्हते, वेग घाटाच्या मानाने बेताचा होता आणि ब्रेकला हात लावलेला नव्हता. असे असूनही सायकल वळणात झुकताच पुढचे चाक कोणतीही पूर्वसूचना न देता बाहेरच्या अंगास निसटले. माझ्यामागून येणारे दोघे स्नेही त्याच वळणावरून, त्याच वेगाने, साध्या गुळगुळीत टायरांवर निर्वेध उतरून आले. माझा टायर मात्र ‘खास पावसाळी’ म्हणून देण्यात आलेला, नवा कोरा, २३ मिलिमीटर रुंदीचा, दोन्ही अंगांस तिरप्या खाचांची दाट नक्षी असलेला होता, आणि दुकानात मिळालेल्या सल्ल्यानुसार त्यात १२० पीएसआय हवा भरलेली होती. एका प्रसंगावरून सिद्धान्त बांधू नये हे मला मान्य आहे. परंतु नक्षीवरील माझा विश्वास त्या दिवशी डळमळला, आणि पुढे जे वाचले व पडताळून पाहिले त्याने तो समूळ नाहीसा केला.

मोटारीच्या टायरास खाचा लागतात याचे कारण असे, की रुंद, सपाट आणि कमी दाबाचा टायर वेगाने पाण्यावरून जाऊ लागला म्हणजे त्याच्या व रस्त्याच्या मध्ये पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागते. विमानांच्या चाकांबाबत या घटनेचा अभ्यास अमेरिकेच्या नासा या संस्थेत हॉर्न व ड्रेहर या संशोधकांनी केला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध झाला; त्यातून निघालेल्या सूत्रानुसार हा तरंगण्याचा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३० पीएसआय दाबाच्या मोटारीच्या टायरास हे सूत्र लावले तर तो वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो, म्हणजे कोणत्याही महामार्गावर सहज गाठला जाणारा. परंतु ८० पीएसआय दाबाच्या सायकलच्या टायरास तेच सूत्र लावले तर तो ताशी दीडशेच्या घरात जातो, आणि सायकलचा टायर अरुंद व गोल छेदाचा असल्याने पाणी त्याच्या दोन्ही बाजूंस आपोआप सारले जाते हा लाभ निराळाच. ज्या संकटाच्या निवारणार्थ खाचा पाडल्या जातात, ते संकट सायकलस्वाराच्या वाट्यास येतच नाही.

याहून पुढची गोष्ट अशी, की डांबरी रस्ता स्वतःच खडबडीत असतो. त्याच्या खडीच्या कण्यांत पाण्याला निघून जाण्यास वाटा असतात आणि त्या कण्यांवर रबर जितके अखंड दबून बसेल तितकी पकड अधिक. रबरातच खाचा पाडल्या की रस्त्यास टेकणारे रबर कमी होते आणि उरलेले तुकडे वळणात बाजूस लवू लागतात. ‘द बायसिकल व्हील’ या १९८१ सालच्या ग्रंथाचे कर्ते जोब्स्ट ब्रँट, जे व्यवसायाने अभियंता आणि आल्प्सच्या घाटांत आयुष्यभर सायकल चालविलेले गृहस्थ होते, त्यांनी हे मत आग्रहाने मांडले, आणि त्या दशकात अव्होसेट या नावाने निघालेल्या पूर्णपणे गुळगुळीत टायरांना त्यांच्याच विचारांचे पाठबळ होते. डांबर सोडून ज्याला तांबड्या चिखलाच्या वाटेने जायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी; तेथे जमीन मऊ असते आणि नक्षीचे दात तिच्यात रुततात. घाटरस्त्याच्या डांबरात कोणतेही दात रुतत नाहीत.

मग पकड येते कोठून? ती येते मुख्यत्वे रबराच्या जातीतून, आणि टायर घेताना ज्या एका बाबीची चौकशी सर्वांत कमी होते ती नेमकी हीच आहे. कोरड्या रस्त्यावर रबर पृष्ठभागास काही अंशी चिकटते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की ते चिकटणे बरेचसे संपते, आणि उरते ते खडीच्या उंचसखल कण्यांवरून दबत-उसळत जाताना रबरात होणाऱ्या शक्तिव्ययातून मिळणारे बळ. जे रबर दबल्यावर सावकाश पूर्ववत होते ते ओल्यात धरून ठेवते. जे टणक असते आणि तत्काळ उसळते ते हलके पळते, पुष्कळ टिकते आणि ओल्यात दगा देते. पकड, हलकेपणा आणि टिकाऊपणा या तिहींत पूर्वी मोठा विरोध असे; रबरात केवळ काजळी न घालता सिलिकाही मिसळण्याची पद्धत मिशेलिनने १९९२ च्या सुमारास मोटारींच्या टायरांत रूढ केली, तेव्हापासून हा विरोध पुष्कळ सौम्य झाला, आणि आज चांगल्या रोड टायरांच्या रबरात सिलिका असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. सबब विकत घेताना हा टायर किती हजार किलोमीटर टिकेल, हा प्रश्न पावसाळ्यापुरता तरी दुय्यम मानावा. केवळ दीर्घायुष्याची ग्वाही देऊन विकला जाणारा स्वस्त टायर कोरड्या शहरी रस्त्यावर उत्तम सेवा देतो, पण ओल्या घाटात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. माझ्या त्या टायरवर पुढे नख रोवून पाहिले तेव्हा त्यावर खूण उमटली नाही, स्नेह्यांच्या टायरवर ती स्पष्ट उमटली. ही काही प्रयोगशाळेतील मोजणी नव्हे, तथापि दुकानात उभ्या उभ्या करण्याजोगी एवढी एक परीक्षा आहे आणि ती अवश्य करावी.

युरोपात हिवाळ्यासाठी म्हणून जे टायर निघतात त्यांचा मोह आपल्याकडे अनेकांना पडतो. त्यांची रचना बरीचशी थंडीत रबर ताठरते या अडचणीसाठी असते, आणि आपला पावसाळा थंड नसतो. कॉन्टिनेन्टलच्या ग्रँड प्रिक्स फोर सीझनसारखा टायर आपल्याकडे उपयोगी ठरतो तो त्याच्या आतील पंक्चररोधक पट्ट्यांमुळे व मजबूत कडांमुळे. केवळ पकडीचा विचार केला तर त्याच दर्जाचा, शर्यतीच्या जातीचा साधा टायर रतिभरही कमी पडत नाही.

रबर जुने झाले म्हणजेही टणक होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते आपोआप पक्के होत जाते, मग टायर चाकावर असो वा दुकानाच्या दर्शनी काचेमागे. म्हणून बाजूस बारीक चिरा पडलेला किंवा पृष्ठावर काचेसारखी चकाकी आलेला टायर, कितीही सवलतीत मिळाला तरी, घेऊ नये.

रुंदी आणि हवा हे दोन विषय वस्तुतः एकच आहेत. स्वार व सायकल मिळून मागील चाकावर ५० किलो भार येतो असे धरले, तर ८० पीएसआय दाबास टायर रस्त्यावर सुमारे ९ चौरस सेंटिमीटर टेकतो आणि ६० दाबास सुमारे १२. दाब कमी म्हणजे टेकलेले क्षेत्र अधिक, आणि त्याहून महत्त्वाचे हे, की मऊ टायर प्रत्येक उंचवट्यावर उसळून रस्ता सोडत नाही. परंतु अरुंद टायरात दाब फार उतरवला तर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा जातात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. म्हणून आधी रुंदी वाढवावी, मग दाब उतरवावा. २५ मिलिमीटर हे मी किमान मानतो आणि चौकटीत मावत असेल तर २८ घ्यावे. मावते की नाही हे अंदाजाने ठरवू नये: जुन्या धाटणीच्या सायकलींत ब्रेकच्या चिमट्याखाली जागा बेताची असते, त्यात मडगार्डही बसवायचे असते, आणि टायर व चिमटा यांत चार-पाच मिलिमीटर अंतर न राहिल्यास चिखल व बारीक खडी अडकून चाक घासते. टायरच्या बाजूस छापलेला २५-६२२ किंवा २८-६२२ असा आकडा पाहून घ्यावा. त्यातील पहिला आकडा रुंदीचा व दुसरा रिमवर टायर जेथे बसतो त्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ७० किलोच्या आसपासच्या स्वाराने २८ च्या टायरात कोरड्या दिवसांत ७० पीएसआय भरत असल्यास पावसात आठ-दहा कमी करावे, आणि पुढच्या चाकात मागच्याहून थोडी कमीच ठेवावी.

पावसात पंक्चर अधिक होतात, कारण ओल्या रबरात काच सहज शिरते आणि पाण्याबरोबर कचरा रस्त्याच्या कडेस येऊन साचतो. घरी परतल्यावर टायर पुसून रुतलेले कण टोकदार वस्तूने काढून टाकावेत. तेवढ्याने पुढचे निम्मे त्रास टळतात.

काही ठिकाणी मात्र टायरचा इलाज चालत नाही. पहिल्या पावसात वर येणारे तेल, रस्त्यावरील पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलांच्या सांध्यांवरील पत्रे, आणि श्रावणापर्यंत ताम्हिणी-वरंध्याच्या झाडीखालील वळणांवर धरणारे शेवाळ, यांवरून सायकल न झुकवता, ब्रेक न दाबता, सरळ रेषेत न्यावी, आणि वळण घेणे भागच असेल तर वेग आधीच उतरवून घ्यावा.

दोन्ही चाकांना चांगले टायर घेण्याइतका पैसा हाताशी नसेल, तर जो एक घेता येईल तो पुढे बसवावा. मागचे चाक निसटले तर बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे निसटले तर सावरण्यास अवधी नसतो. मागचा टायर भार व जोर दोन्ही सोसत असल्याने लवकर झिजतो, आणि तो झिजला की नवा मागे घालण्याचा आपल्याकडील शिरस्ता आहे. त्याऐवजी पुढचा काढून मागे लावावा आणि नवा पुढे. यास अर्धा तास अधिक लागतो आणि दुकानदार कुरकुर करतो, तरी आग्रह सोडू नये.