अजिंठ्याचे डोंगर आणि आपली जमीन

भोकरदन किंवा जाफराबाद तालुक्यातून उत्तरेकडे पाहिले असता अजिंठ्याच्या रांगेचे माथे एकाच पातळीत कापल्यासारखे सपाट दिसतात. त्यांच्या बाजूंना पायऱ्यांसारखे टप्पे असतात. ह्या दोन खुणांत आपल्या जिल्ह्याच्या जमिनीचा सारा इतिहास साठवलेला आहे. डोंगर म्हणजे गुरे चारण्याची पडीक जागा, आणि शेती ती खालच्या सपाटीवर, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. सपाटीवरील काळी माती ही त्याच खडकाची झीज होय. डोंगर कसे घडतात व कसे झिजतात हे समजल्यास मृदसंधारणाचे काम कोठून सुरू करावे, हेही आपोआप समजते.

खडकाची घडण

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ह्या प्रदेशात भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो पाण्यासारखा पसरला आणि थंड होऊन काळा पाषाण बनला. असे थर एकावर एक साचत गेले. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र ह्या खडकाने व्यापलेले आहे. सह्याद्रीकडे थरांची एकूण जाडी फार मोठी असून पूर्वेकडे ती कमी होत जाते.

विहीर खणताना शेतकऱ्यास हे थर प्रत्यक्ष दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीमिश्रित पांढरट माती, मग मुरूम व त्याखाली कठीण पाषाण. काही विहिरींत दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ थर लागतो. एक लाव्हाथर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात ऊन व पाऊस ह्यांनी जो खडक कुजवला, त्याची ती खूण होय. म्हणजे डोंगर पुरा तयार होण्यापूर्वीच हवामानाने आपले काम सुरू केले होते.

भूकवचाची हालचाल

पृथ्वीचे कवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचे आहे व हे तुकडे अतिशय संथपणे सरकतात. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या तुकड्याशी भिडला. मधला भाग चुरगळून वर आला तो हिमालय. ही टक्कर अद्याप संपलेली नाही. म्हणून हिमालयाचे काही भाग आजही दरवर्षी काही मिलिमीटर उचलले जातात.

आपल्याकडील डोंगर अशा घडीतून निर्माण झालेले नाहीत. येथील थर बहुतांशी आडवेच राहिले. मात्र पश्चिम किनारा शेजारच्या भूखंडापासून फाटून अलग होताना पठाराची पश्चिम कड उंचावलेली राहिली व सारा प्रदेश पूर्वेकडे कलला. त्यामुळेच गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांच्या सुमारास त्र्यंबकेश्वरी उगम पावूनही १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. उत्तरेकडे तापीचे खोरे भूकवचातील जुन्या भेगांच्या रोखाने खोलावले. त्यामुळे अजिंठ्याची रांग खानदेशाच्या बाजूस कड्यासारखी तुटलेली, तर आपल्या बाजूस मंद उताराची झाली.

येथील भूकवच अगदी स्वस्थ आहे असे नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि मराठवाड्यातील किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ह्यांनी त्यातील ताण दाखवून दिला. परंतु ह्या हालचालींनी आपले डोंगर हिमालयाप्रमाणे भराभर उंचावत नाहीत.

हवामान आणि डोंगर

डोंगर हवामान घडवतो व हवामान डोंगर घडवते. नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात व आपला बहुतेक पाऊस तेथेच टाकतात. महाबळेश्वरास वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जालना जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने येथे तो सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास असतो.

खडक तोच, पण पाऊस वेगळा म्हणून माती वेगळी झाली. अतिवृष्टीच्या प्रदेशात पाण्याने खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली व तांबडा जांभा उरला. आपल्याकडे पाऊस कमी, उन्हाळा कडक. त्यामुळे चुना व चिकणद्रव्ये जागेवरच राहिली व काळी, ओल धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन तयार झाली. पाऊस थोडा असला तरी तो अनेकदा चार-सहा जोरदार सरींत पडतो आणि त्या वेळी जमीन उघडी असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची खरवडण्याची शक्ती सुमारे चौपट होते. म्हणून कमी पावसाच्या मुलखात धूप कमी असेल, हा समज चुकीचा आहे.

झीज आणि उचल

भूकवच त्याखालील तप्त व जड खडकावर तरंगल्यासारखे आहे. तो खडक लक्षावधी वर्षांच्या अवधीत हळूहळू सरकू शकतो. गोदावरीच्या पात्रात भरलेल्या नावेतून पोती उतरवली असता नाव वर येते, तसेच विस्तीर्ण प्रदेशावरील खडक झिजून वाहून गेला म्हणजे तेथील भूकवच हलके होऊन उचलले जाते. दहा मीटर खडक गेला, तर सुमारे आठ मीटर उचल मिळते. झीज केवळ दऱ्यांतच झाली, तर ही उचल मात्र माथ्यांनाही मिळते. ह्याप्रमाणे पाऊस डोंगर कापतो, कापल्याने डोंगर उचलला जातो आणि उंचावलेला डोंगर पुन्हा पाऊस अडवतो. पर्वतरांगांचे रूप ह्या तिघांच्या देवघेवीतून ठरते.

अजिंठ्याच्या रांगेत ह्या देवघेवीतील झिजेची बाजू स्पष्ट दिसते. पूर्णा, केळणा, गिरजा, दुधना, कुंडलिका ह्या नद्यांनी जुने पठार चिरून काढले. जेथे वरचा थर कठीण होता तेथे सपाट माथा टिकला. मऊ थर झिजून उतार झाले व कठीण थरांचे टप्पे उरले. थोडक्यात, आपले डोंगर म्हणजे जुन्या पठाराचे अवशेष होत.

हिशेब आपल्या शेताचा

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. झिजेमुळे मिळणारी उचल लक्षावधी वर्षांची असते आणि ती खडक वर आणते, माती नव्हे. कठीण पाषाणाचा मुरूम व मुरमाची माती होण्यास फार काळ लागतो. बोटभर थरासही शेकडो वर्षे पुरत नाहीत.

आता खर्चाची बाजू पाहू. एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटर माती गेली, तर ती १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन भरते. देशातील जमिनीची धूप सरासरीने दर हेक्टरी दरवर्षी सुमारे १६ टन होते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. एवढी माती गेली तरी शेताकडे पाहून ते लक्षातही येत नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षांत तीच दोन-तीन सेंटिमीटर होते. निसर्गाची जमा शतकांनी होते. खर्च मात्र एका पावसाळ्यात होतो. हलक्या, मुरमाड जमिनीवर हा तोटा एका पिढीतच पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचतो.

कामाचा क्रम

पाणी माथ्यावरून निघते, म्हणून कामही माथ्यावरून निघाले पाहिजे.

१. माथा व तीव्र उतार : येथे माती अगदी पातळ असते. नांगरट करू नये. सलग समपातळी चर काढावेत, गवत व झाडे लावावीत आणि चराई आवरावी.

२. मधला उतार : समपातळीस धरून बांधबंदिस्ती करावी. पेरणी व कोळपणी उताराला आडवी करावी. बांधावर गवत राखावे व जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावा. नाहीतर बांध फुटून नवी घळ पडते.

३. सपाटी व नाले : ओघळींना दगडी बांध घालावेत. वरची कामे झाल्यावरच नालाबांध घ्यावेत. अन्यथा ते लवकर गाळाने भरतात.

जालना तालुक्यातील कडवंची गावी १९९६ पासून पुढील काही वर्षांत खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने माथा ते पायथा ह्याच क्रमाने पाणलोटाचे काम झाले. शेततळी व द्राक्षबागा ह्यांमुळे ते गाव आज महाराष्ट्रात ओळखले जाते.

जी माती वाहून तलावांत गेली आहे, ती आपलीच आहे. जालना शहराजवळील घाणेवाडी तलावातील गाळ लोकांनी उपसला व शेतकऱ्यांनी तो शेतांत नेला. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना ह्याच हेतूने हाती घेण्यात आली. असा गाळ हलक्या जमिनीवर पसरणे हिताचे आहे. तथापि गाळ परत आणण्यापेक्षा माती जागेवर राखणे केव्हाही स्वस्त पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतकऱ्यांसह शिवारात माथ्यापासून नाल्यापर्यंत चालत जावे. पाणी कोठे गढूळ होते, कोठे वेग घेते व कोठे माती टाकते, ह्याची नोंद गावाच्या नकाशावर करावी. पुढील वर्षाच्या कामाचा आराखडा त्या नोंदीवरून तयार होईल.