वीजकामाचे अंदाजपत्रक आणि संगणक : एक अभ्यासपाठ



शहापूर-मुरबाड भागात आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून वायरमन झालेले तरुण आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. हात चांगला बसलेला असतो, फिटिंग नीटनेटके असते, तरीही वर्षानुवर्षे ते दुसऱ्याच्या हाताखाली रोजावरच राहतात. वायरमन आणि ठेकेदार यांच्यामध्ये एक पायरी आहे. त्या पायरीचे नाव अंदाजपत्रक. काम किती, माल किती, वेळ किती आणि पैसा किती हे काम हाती घेण्यापूर्वी कागदावर मांडता आले पाहिजे. अलीकडे ही मांडणी करून देणारी संगणक-सॉफ्टवेअर आली आहेत आणि त्यांत दरवर्षी नवनव्या सोयी येत आहेत. त्या सोयी कोणत्या, त्यांचा उपयोग किती आणि त्यांवर विसंबू नये ते कुठे, एवढ्यापुरता हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

भातसानगरला विजेचे महत्त्व सांगायला नको. येथील धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे वीजघर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. वीज स्वस्त व मुबलक मिळावी, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. विजेच्या क्षेत्रात आपण मजुरीपुरतेच राहू नये, हा विचार म्हणूनच आपल्याला परका नाही.

१. आधी हाताने

एक सभागृह घेऊ. १२ दिवे आणि ६ पंखे, म्हणजे १८ पॉइंट. नकाशावर बोर्डापासून पॉइंटपर्यंतचे अंतर सरासरी ४.३ मीटर. छत ३ मीटर उंच आणि बोर्ड जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे खाली उतरणारा भाग १.७ मीटर. एका पॉइंटची लांबी झाली ६ मीटर. हिशेब सोपा जावा म्हणून प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र पाइप धरू.

पाइप : १८ × ६ = १०८ मीटर. ५ टक्के तूट धरून ११३.४ मीटर. तीन मीटरचा एक पाइप, म्हणून ३८ पाइप.

तार : फेजची लाल ११३.४ मीटर, न्यूट्रलची काळी ११३.४ मीटर आणि अर्थिंगची हिरवी ११३.४ मीटर.

वेळ : एका पॉइंटला वायरमन व हेल्परच्या जोडीचा सव्वा तास धरला तर साडेबावीस तास, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ तीन दिवस.

एवढे ज्याला हाताने मांडता आले, त्यालाच संगणकाचे उत्तर बरोबर की चूक हे कळेल.

२. संगणकाच्या नव्या सोयी

१९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ हा आकड्यांच्या तक्त्याचा कार्यक्रम आला. पुढे ‘एक्सेल’ घरोघरी पोहोचले. एक दर बदलला की खालची सगळी बेरीज आपोआप बदलणे, ही सोय तेव्हापासूनची आहे. वीजठेकेदारांसाठी खास तयार झालेली सॉफ्टवेअर त्यापुढे जातात.

(अ) नकाशावरून मोजणी : नकाशाची पीडीएफ पडद्यावर उघडायची, दिव्याचे एक चिन्ह दाखवायचे, की तशी सर्व चिन्हे संगणक शोधून मोजतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही सोय झपाट्याने सुधारत आहे.

(आ) जोडसंच : ‘एक दिव्याचा पॉइंट’ म्हटले की पाइप, तार, स्विच, होल्डर, पेटी, स्क्रू आणि वेळ हे सर्व एकदम हिशेबात येते. किरकोळ वस्तू विसरण्याचा धोका कमी होतो.

(इ) दरांची नोंद : तांब्याचा भाव वरखाली झाला की तारेचे दर बदलतात. सॉफ्टवेअरमध्ये दराबरोबर तारीख राहते आणि जुना दर लगेच ध्यानात येतो.

(ई) वाढीव काम : मालकाने मध्येच दोन पंखे वाढवले तर मूळ अंदाज तसाच ठेवून वाढीव कामाचा वेगळा कागद निघतो.

(उ) अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना : किती दिवस धरले आणि किती लागले, हे शेजारीशेजारी दिसते. आमच्या मते सर्वांत मोलाची सोय हीच. पुढचा अंदाज तिच्यामुळेच सुधारतो.

३. सावधानता कुठे हवी

पहिली गोष्ट, नकाशाचे प्रमाण. ए-१ आकाराचा नकाशा ए-३ कागदावर छापला की प्रत्येक लांबी निम्मी होते. संगणकाला हे कळत नाही. म्हणून नकाशावर लिहिलेले एखादे माप मोजून प्रमाण आधी ताडून घ्यावे.

दुसरी गोष्ट, उंची. नकाशात उंची दिसत नाही. वरच्या उदाहरणात १.७ मीटरचा उतार भरायचा राहिला तर प्रत्येक रंगाच्या तारेत १८ × १.७ = ३०.६ मीटर कमी पडतील.

तिसरी गोष्ट, बंडल. लाल व काळी मिळून २२६.८ मीटर. ९० मीटरच्या बंडलाने भागले तर तीन बंडले दिसतात. पण रंग दोन आहेत. पूर्ण बंडलच घ्यायचे असेल तर लाल दोन आणि काळी दोन, अशी चार घ्यावी लागतात. उरलेली तार पुढच्या कामाला येईल, परंतु पैसे आजच मोजावे लागतात.

चौथी गोष्ट, वेळेचे आकडे. अमेरिकन सॉफ्टवेअरमध्ये तेथील ठेकेदार संघटनेने ठरवलेले कामाचे तास असतात, मापे फुटांत असतात आणि घरातील वीजदाब १२० व्होल्ट धरलेला असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, मीटरची मापे आणि विटांची भिंत फोडून पाइप बसवण्याचे काम. डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या पाड्यावर माल पोहोचवण्याचा वेळ व भाडे त्या सॉफ्टवेअरला कुठून ठाऊक असणार? ते आकडे आपल्या वहीतूनच भरले पाहिजेत.

४. नफा आणि निविदा

खर्च ४०,००० रुपये आला आणि त्यावर २० टक्के चढवले तर बिल ४८,००० होते. या बिलात नफा २० टक्के नसून १६.६७ टक्के आहे. बिलाच्या २० टक्के नफा हवा असेल तर बिल ५०,००० करावे लागेल. सॉफ्टवेअरमध्ये या दोन पद्धतींचे वेगवेगळे रकाने असतात. आपण कोणता भरतो ते नीट पाहावे. नोंदणीकृत ठेकेदाराचा वस्तू व सेवा कर याच्या वर येतो. तो नफ्यात धरू नये.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेत खात्याच्या अंदाजावर अमुक टक्के कमी किंवा जास्त एवढेच भरायचे असते, तर बी-२ निविदेत प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरायचा असतो. समजा खात्याचा अंदाज १,००,००० आणि आपला खरा खर्च ८८,०००. चुरशीत १५ टक्के ‘बिलो’ टाकले तर मिळणार ८५,०००. काम मिळाले, पण घरचे ३,००० गेले. हा तोटा शेवटी भरला जातो तो हेल्परच्या मजुरीतून किंवा हलक्या तारेतून, आणि हलक्या तारेची किंमत कोणाच्या तरी जिवाने मोजावी लागते. योग्य अंदाजपत्रक हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, तो असा.

महाटेंडर्स या शासकीय संकेतस्थळावरील दराची फाइल एक्सेलमध्येच असते. तिची रचना किंवा नाव न बदलता ती भरावी लागते. तेव्हा निदान एक्सेल तरी प्रत्येकाला आलेच पाहिजे.

५. काय करावे

महागडे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. क्रम असा ठेवावा : प्रथम वही, मग एक्सेल, मग सॉफ्टवेअर. प्रत्येक कामानंतर किती मीटर तार व किती तास लागले ते त्याच संध्याकाळी लिहावे. वीस कामांची अशी नोंद झाली की आपली स्वतःची दरसूची तयार होते. त्याचबरोबर परवान्याकडे दुर्लक्ष करू नये. वीजसंचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे ही अट १९५६ च्या नियमांत होती, ती २०१० च्या व पुढे २०२३ च्या विनियमांतही कायम आहे.

स्वाध्याय

१. वरील सभागृहाचे छत ३.६ मीटर उंच असेल तर पाइप किती लागतील? (उत्तर : ४२)
२. त्याच सभागृहासाठी प्रत्येक रंगाची बंडले वाढतील का? कारण लिहा.
३. खर्च ६०,००० असून बिलाच्या २५ टक्के नफा हवा आहे. बिल किती? (उत्तर : ८०,०००)

मित्रहो, संगणक बेरीज करील, गुणाकार करील, चिन्हेही मोजील. भिंत किती कठीण आहे, रस्ता कसा आहे आणि आपल्या माणसाला किती मजुरी दिली पाहिजे, हे त्याला आपणच सांगायचे आहे. ते सांगण्याइतका अभ्यास आपल्या मुलामुलींनी करावा आणि रोजाच्या हजेरीपटावर सही करणाऱ्या हातांनी उद्या स्वतःच्या निविदेवर सही करावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.