टाकीचं काँक्रीट वरूनच का कुजतं?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीचं काँक्रीट पाण्याच्या पातळीच्या वर खडूसारखं भुगा होऊन झडतंय. पाण्याखालचा भाग मात्र शाबूत आहे. सिमेंट भेसळीचं असेल का? जंतुरोधक लेप लावला तर भागेल?
– एक सभासद, नाशिक

उत्तर : सिमेंटला दोष देऊ नका, बहुधा हे जिवाणूंचं काम आहे. तळाच्या गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. वरच्या ओलसर भिंतीवरचे दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि त्यानं सिमेंटचं जिप्सम होतं. तोच तुमचा पांढरा भुगा.

जंतुरोधक लेप या दुसऱ्या जिवाणूंना रोखतो, पण कुजलेल्या थरावर लावला तर थरासकट सुटून येतो. आधी टणक काँक्रीट लागेपर्यंत खरवडा. त्यावर फिनॉल्फथॅलिन हे दर्शक द्रावण शिंपडून पाहा. गुलाबी रंग आला की पाया चांगला. मग आम्लरोधक मॉर्टरनं डागडुजी आणि त्यावर लेप. व्हेंट पाइप तुंबलेला नाही ना, हेही बघा.

एक कळकळीची विनंती : कुणालाही तसंच टाकीत उतरवू नका. हा वायू जास्त असला की वासच येईनासा होतो आणि माणूस दगावतो. वायूतपासणी आणि सुरक्षासाधनं असलेल्या प्रशिक्षित पथकालाच बोलवा. गिलावाच खराब झाला असेल तर टाकी सहज वाचेल. सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.