मोटारीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड घरी बदलताना



गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. अशा वेळी मोटारवाल्याची सारी भिस्त ब्रेकवर. आता पुष्कळ सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी मोटारही आहे, म्हणून हा विषय घेत आहोत.

ब्रेक दाबताना चीं चीं असा बारीक आवाज येऊ लागला की पॅड झिजत आल्याचे समजावे. खर्र खर्र आवाज आला तर पत्रा डिस्कला घासतो आहे. मग गाडी चालवूच नये. पॅडवरचा थर ३ मि.मी.वर आला की पॅड बदलावेत. बाहेरचा पॅड चाकातून दिसतो, पण आतला पुष्कळदा आधी झिजतो. तो अवश्य पाहावा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते.

गाडी सपाट, टणक जागी लावावी. हँडब्रेक ओढून गियर टाकावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड द्यावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. अंगण मऊ असेल तर जॅक रुततो, खाली जाड फळी घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. स्टँड लावावा, आणि काढलेले चाकही गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून बघता येते. कॅलिपरचे मागचे बोल्ट काढून कॅलिपर सोडवला की तो तारेने स्प्रिंगला बांधावा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते. धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बोल्टबरोबरच्या सरकत्या पिना हाताने हलल्या पाहिजेत. त्यांना ब्रेकचेच ग्रीस लावावे, बेअरिंगचे ग्रीस रबर फुगवते.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. त्यावर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावे. बॉनेटखालच्या डब्यातले ब्रेक ऑइल तेव्हा वर चढते. झाकण आधी उघडावे, उतू जाईलसे वाटले तर स्वच्छ सिरिंजने थोडे काढावे. हे ऑइल रंग खाते. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

आता मुख्य गोष्ट. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट तळाला जाते, ब्रेक लागतच नाही! आमच्यापैकी एकाने सारे काम चोख केले, चाक बसवले आणि मोठ्या ऐटीत गाडी मागे घेतली. गाडी थांबली ती गोठ्याच्या भिंतीला. म्हैस पलीकडच्या खुंट्याला होती म्हणून बरे, नाहीतर हा लेख वेगळा झाला असता. तेव्हा इंजिन चालू करण्यापूर्वी पेडल दहा-पंधरा वेळा सावकाश दाबावे, ते कडक लागेपर्यंत. मग डब्यातली पातळी पाहावी. कमी असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिन ऑइलचा थेंबही नको, सगळी रबरे जातात.

चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळावेत, गाडी खाली आल्यावर पुन्हा. मग अंगणातल्या अंगणात हळू चालवून दोन-तीनदा थांबवून बघावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर ओळीत हवा आहे; गाडी तशीच उभी ठेवून मेकॅनिकला घरी बोलवावे. ब्रेक ठीक असले तरी पहिले शे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारण्याची पाळी येऊ देऊ नये; पॅड अजून डिस्कवर बसायचे असतात.